सातबारा, धुळ्याचं कॉलेज आणि फुल्यांची पदवी



मागच्या आठवड्यात पोरगी म्हणाली, "पप्पा, सातबारा काढून ठेवा, ॲग्रीच्या फॉर्मला लागतो." तिची बारावी सायन्स झाली, सीईटी झाली, आता बीएस्सी ॲग्रीचा फॉर्म भरायचा आहे. शेतकऱ्याच्या लेकराला या प्रवेशात सातबाऱ्यावर जादा गुण मिळतात, तुम्हाला माहीत असेलच. पहिली पसंती धुळे, दुसरी पुणे.

माझी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "शिकीसन वावरमाच राहनं व्हतं ते शिकनी कसाले? आन् वावरमा नही राहनं ते सातबारा कसाले दखाडतस?"

आई शाळेत गेलेली नाही. पण दीडशे वर्षांत भल्याभल्यांनी घातलेला घोळ तिनं दोन वाक्यांत मांडला. शेत आहे हे दाखवून आत जायचं, आणि आत गेलेलं लेकरू बहुतेक वेळा शेतावर परत येत नाही. माझा पुतण्याच बघा. चार वर्षं ॲग्री केलं, हुशार पोरगा, आज बँकेत कृषी अधिकारी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. पेरणीच्या दिवसांत पीककर्जाच्या फायलींचा डोंगर असतो, त्यामुळे त्याला सुट्टी नाही. त्याच्या बापाचं वावर मी पेरतो. पोराचा दोष म्हणून हे सांगत नाही. मला प्रश्न पडला की ही पदवी मुळात कोणासाठी काढली होती? म्हणून चार पुस्तकं पाहिली, चार जाणत्या माणसांशी बोललो. मी दहावी पास माणूस. चुकलं तर सांगा, राग नाही.

सुरुवात आपल्या घराजवळूनच करू. पुण्यात शेतीचा वर्ग निघायच्या आधीपासून आपल्या भडगावला सरकारी प्रयोगशेत होतं. १८७० च्या दशकातली गोष्ट. तेव्हा खान्देश एकच जिल्हा, कचेरी धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन तुकडे १९०६ ला झाले. सरकारला खान्देशच्या शेतीचा पुळका कशामुळे आला? कापसामुळे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, मग साहेबाची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. खान्देशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचं लांब धाग्याचं बियाणं इकडे आणून पेरायला लावलं. प्रयोगशेताचं कामही त्याच वाटेचं. गिरणीला कोणता धागा पाहिजे, हा प्रश्न आधी. शेतकऱ्याला काय परवडतं, हा प्रश्न नंतर, तोही कोणी विचारला तर. ते शेत टिकलं नाही. आज भडगावात दहा माणसांना विचारा, एकालाही त्याची आठवण नसेल. मलाही पन्नाशीनंतर कळलं.

१८७९ ला पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतीचा वर्ग सुरू झाला. १८९० च्या सुमारास मुंबई विद्यापीठानं शेतीच्या डिप्लोमाला मान्यता दिली. १९०७ ला पुण्याचं शेतकी कॉलेज स्वतंत्र झालं, पहिले प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन. या माणसाबद्दल मला आदर आहे. मूळचा रसायनशास्त्राचा, पण तो पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला गेला आणि गावातल्या प्रत्येक घराची जमीन, कर्ज, उत्पन्न मोजलं. १९१७ ला त्याचं पुस्तक निघालं. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे पडलेले, आणि शेतीवर घर चालत नाही, हे त्यानं आकड्यांनिशी दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी! आज त्या पिंपळे सौदागरला पीक म्हणजे बारा मजली इमारतींचं.

पण मॅनसारखे प्रोफेसर असूनही कॉलेजात येणाऱ्या पोरांचं लक्ष सरकारी नोकरीवर. त्यात त्यांचीही चूक नव्हती. सरकारलाच शेतीखातं चालवायला माणसं पाहिजे होती. १८८० च्या दुष्काळ कमिशननं प्रांतोप्रांती शेतीखातं नीट उभं करा म्हणून सांगितलं, खातं म्हटलं की साहेब लागतात, आणि साहेबाला पदवी लागते. १९२८ ला लिनलिथगो साहेबाच्या रॉयल कमिशननं अहवाल दिला, त्यातही शेतीच्या पदवीधराची नजर सरकारी नोकरीवर असते हे लिहून ठेवलंय. म्हणजे माझा पुतण्या काही नवीन करत नाहीये. पदवी ज्या कामासाठी घडवली, ते काम ती इमानानं करतेय.

आता या सगळ्याच्या मधोमध एक माणूस उभा होता, त्याचं कोणी ऐकलं नाही. महात्मा फुले. १८८२ ला हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी मागितलं की खेड्यातल्या प्राथमिक शाळेतच शेतीचं थोडं ज्ञान द्या, आणि शाळेला लहानसं नमुन्याचं शेत जोडा. दुसऱ्या वर्षी, १८८३ ला, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेवटी शेवटी ते उपाय सांगतात. आपण असूड म्हटलं की भटशाही आणि सावकारी एवढंच आठवतो, उपायांचा भाग कोणी वाचत नाही. ते म्हणतात की सरकारनं दरसाल शेतपिकांच्या आणि औत हाकायच्या परीक्षा घ्याव्या, बक्षिसं द्यावी. शेतकऱ्याच्या शिकलेल्या पोरांना थोडं लोहारकाम, सुतारकामही यावं, आणि जी पास होतील त्यांना विलायतेतल्या शेतकी शाळा पाहायला पाठवावं. आणि जो तीन वर्षं उत्तम शेती करून दाखवील, त्याला पदवी द्यावी.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. फुल्यांनी पदवी मागितली होती ती शेती करणाऱ्याला. पेपर सोडवून मग शेती सोडणाऱ्याला नव्हे. तीन वर्षांचा अंदाज का? तर एखादं वर्ष पावसानं साथ दिली की कोणीही पुढारी शेतकरी होतो. तीन वर्षांत एक तरी वाईट येतं, त्यात माणूस कळतो. ज्यानं शेती जवळून पाहिली त्यालाच हे सुचतं.

१८८९ ला डॉ. व्होल्कर नावाचा तज्ज्ञ विलायतेहून आला, देशभर फिरला. त्याचाही निष्कर्ष असाच की इथला शेतकरी अडाणी नाही, चांगला कसणारा तर तिकडच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच. त्याच्याकडे कमी आहे ती साधनांची, पाण्या-खताची. पण खातं उभं राहिलं ते 'आम्ही शिकवणार, तुम्ही ऐकणार' याच चालीवर. ती चाल अजून आहे. मेळाव्याला जाऊन बघा, खुर्च्या कोणाला आणि सतरंजी कोणाला.

आता धुळ्याकडे येऊ.

महाराष्ट्र झाला १९६० ला, त्याच साली धुळ्याचं कृषी महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी खान्देशच्या पोराला शेतीची पदवी पाहिजे तर घर सोडून पुणं गाठावं लागायचं. धुळ्याला कॉलेज आलं आणि साक्री, शिरपूर, चोपडा, अमळनेर इकडची पोरं भाकरी बांधून जाऊ लागली. आमच्या शेजारच्या गावचे एक तात्या त्या सुरुवातीच्या वर्षांतले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कृषी खात्यात लागले, चांगल्या हुद्द्यावरून रिटायर झाले, मग गावी येऊन स्वतःची सात एकर करायला घेतली. मला म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, दोन ओळींत अमुक अंतर ठेवा, एवढ्या दिवसांनी निंदणी करा. स्वतः केलं तेव्हा कळलं की निंदणी सांगितलेल्या दिवशी होत नाही, बायका मिळतील त्या दिवशी होते." मजुरीचा हिशोब त्यांच्या पुस्तकात नव्हता असं नाही, होता, पण एका प्रकरणात वेगळा होता. वावरात तो प्रत्येक ओळीत असतो.

तेव्हा ही कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. शेतीचं स्वतंत्र विद्यापीठ ही कल्पना आली अमेरिकेवरून. तिथे १८६२ ला मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून आलेल्या पैशातून शेतीची कॉलेजं काढली. १८८७ ला संशोधन केंद्रं जोडली आणि १९१४ ला तिसरं काम दिलं: कॉलेजच्या माणसानं गावागावात जाऊन शेतकऱ्याला सांगायचं, आणि त्याची अडचण परत कॉलेजात आणायची. शिकवणं, शोधणं, गावात जाणं, तिन्ही एका छपराखाली. आपल्याकडे याच धर्तीवर १९६० ला पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ झालं. पण उचलताना आपण तिसरा पाय अर्धाच उचलला. गावात जायचं मुख्य काम राज्याच्या कृषी खात्याकडे राहिलं. शास्त्रज्ञ विद्यापीठात, कृषी सहायक गावात, आणि दोघांचे साहेब वेगळे. वाणाची शिफारस एका दारातून येते, बियाणं दुसऱ्या दारातून, आणि तक्रार करायला तिसरं दार शोधावं लागतं.

महाराष्ट्रात विद्यापीठ कुठे व्हावं यावरून काय झालं ते आपल्या पोरांना माहीत नाही. १९६७ ला अकोल्यात आंदोलन पेटलं. पंजाबराव देशमुखांची भूमी, कापसाचा मुलूख, विद्यापीठ इथेच पाहिजे म्हणून लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. शेती शिकायच्या विद्यापीठासाठी माणसं मेली, मंडळी. आज पोरं ॲग्रीला 'मेडिकल नाही मिळालं म्हणून' येतात, त्यांना हे एकदा सांगायला पाहिजे. १९६८ च्या मार्चमध्ये राहुरीला पूर्ण राज्याचं एक विद्यापीठ सुरू झालं, १९६९ च्या ऑक्टोबरात अकोल्याला वेगळं मिळालं, १९७२ ला परभणी आणि दापोली. राहुरीला पुढे महात्मा फुल्यांचं नाव दिलं. धुळ्याचं कॉलेज राहुरीत गेलं.

खान्देशला वेगळं विद्यापीठ पाहिजे, ही मागणीही जुनी आहे. पण आपल्यात ते धुळ्याला व्हावं की जळगावला यावरच इतकं भांडण की बाकी काही करायला वेळच मिळत नाही. असो, हा विषय काढला की खाली तीनशे कमेंट येतात. कृपया इथे नको.

मी नुसतं वाईट बोलतोय असं समजू नका. जे मिळालंय ते मोजायला पाहिजे. आपल्या वडील-आजोबांच्या तोंडी जरीला आणि विरनार ही कापसाची नावं होती, तो आपल्या खान्देशचाच निवड केलेला देशी कापूस. मर रोग आला तरी उभा राहणारा वाण कुठून आला? कोणीतरी शिकलेला माणूस उन्हात ओळीओळीनं फिरला, मेलेल्या झाडांत जिवंत झाड शोधलं, म्हणून. आणि भुईमुगाचा जेएल चोवीस! जेएल म्हणजे जळगाव. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून १९७८ च्या सुमारास निघाला आणि देशभर गेला. आंध्र-कर्नाटकात शेतकरी जेएल म्हणतात, त्यातला ज म्हणजे आपलं गाव हे त्यांच्या गावीही नाही. मी तेव्हा लहान होतो. त्याआधी आमच्याकडे पसरी भुईमूग असायचा, चार-साडेचार महिने, काढताना कुदळीनं जमीन उकरायची. जेएल उपटी, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत मोकळा. वडील म्हणाले होते, "एवढ्या लवकर वावर रिकामं झालं, आता करायचं काय?" मग त्या वावरात रब्बीची दादर घेतली. एका वाणानं आमच्या घरात एक जादा पीक आणलं. तिळाचे जेएलटी वाण जळगावचेच. धुळ्याच्या बाजरी केंद्राचे आदिशक्ती आणि महाशक्ती तुम्ही पेरता. महाशक्तीत लोह जास्त, घरातल्या बायकांना ती भाकरी चांगली.

उलटंही एक सांगतो. ठिबकनं जळगावचं चित्र बदललं, आणि ती ज्यांनी घराघरात नेली ते भवरलालजी जैन शिकले होते कॉमर्स आणि कायदा. वाकोदचे. म्हणजे शेतीचं भलं करायला शेतीचीच पदवी लागते, असंही नाही.

मग पदवीचा वावरात उपयोग काय? मला तो एकदा रोकडा दिसला. तो प्रसंग सांगतो.

शेवटच्या वर्षाला ॲग्रीची पोरं गावात राहायला येतात, त्याला रावे म्हणतात. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात पाच मुली आल्या होत्या. कॉलेज कोणतं ते सोडा. पहिल्या दिवशी आम्ही मनातल्या मनात हसलो. एकीला वखर आणि कोळपं यातला फरक सांगता येईना. माझ्या मोसंबीला तेव्हा डिंक्या होता, आणि मी दरवर्षी बोर्डो फवारत होतो तरी कोवळी पानं करपायची. दुकानदार म्हणायचा औषध बदला, मी दोन वर्षं औषधं बदलत होतो, पैसे जात होते. त्या वखर न ओळखणाऱ्या मुलीनं बादलीत बघितलं आणि विचारलं, "काका, हा चुना कधीचा आहे?" मी म्हटलं, मागच्या साली घर सारवलं तेव्हाचा, पोत्यात पडून होता. तिनं माझा विळा मागितला, दगडावर घासून चकचकीत केला आणि द्रावणात थोडा वेळ बुडवून वर काढला. पात्यावर तांबडा थर आलेला. म्हणाली, "मोरचूद मोकळं राहिलंय. चुना हवेनं मेलाय, जोर नाही त्यात. म्हणून पानं जळतात." ताजा कळीचा चुना आणला, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, प्लास्टिकच्या टिपात, चुना गाळून घेतला, परत विळा बुडवला, कोरा निघाला. पानं करपायची बंद झाली. खोडाला पेस्ट कशी लावायची तेही तिनंच दाखवलं.

विळा माझा, चुना माझा, झाडं माझी. वीस वर्षं मी बोर्डो करत होतो आणि एकदाही विळा बुडवला नव्हता, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वखर कळायला आठ दिवस लागले, मला विळा कळायला वीस वर्षं. सहा महिन्यांनी त्या मुली गेल्या. जाताना मी विचारलं, पुढे काय? तीन जणी स्पर्धा परीक्षा, एक कंपनीत, एकीचं लग्न ठरलेलं. ज्या मुलीनं विळा बुडवला ती पुण्यात क्लासला गेली. चांगलं झालं तिचं, व्हायलाच पाहिजे. पण माझ्या गावात तशी एक मुलगी कायम असती, तर दुकानदाराच्या सल्ल्यावर गेलेले किती जणांचे पैसे वाचले असते, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

मी स्वतः १९८६ ला दहावी झालो. गणितात बरे मार्क होते, मास्तर म्हणाले अकरावी सायन्स कर, धुळ्याला ॲग्रीला जा. त्याच पावसाळ्यात वडिलांना बैलानं मारलं, मांडीचं हाड मोडलं. मी मोठा. पांभर माझ्या हातात आली ती आलीच. नंतर धुळ्याला कोर्टकचेरीच्या कामाला गेलो की कॉलेजचं पीक बघून यायचो, कडेकडेनं. फुल्यांच्या हिशोबानं बघितलं तर माझी अशी बारा-तेरा 'तीन वर्षं' झाली. पदवी मिळण्यासारखी त्यातली किती? दोन, फार तर तीन. सरकार आता कृषिभूषण, शेतीनिष्ठ असे पुरस्कार देतं, म्हणजे फुल्यांचं अगदीच ऐकलं नाही असं नाही. पण पुरस्काराच्या जोरावर कोणी शेतकरी कॉलेजात जाऊन पोरांना शिकवताना मी पाहिला नाही. मुक्त विद्यापीठानं बारावी नसलेल्यांसाठी शेतीचे अभ्यासक्रम काढले, ते चांगलं केलं. आमच्या गावातल्या दोघांनी केले, त्यातल्या एकाची डाळिंबं बघायला लोक येतात.

परवा रात्री पोरीला विचारलं, खरं सांग, शिकून काय करणार? ती म्हणाली, "पप्पा, आत्ताच कसं सांगू? नोकरी लागली तर करेन. पण मोसंबी मी काढू देणार नाही." आई झोपलेली नव्हती, गोधडीतून म्हणाली, "बघू."

काल सातबारा काढला. आता तलाठ्याकडे जावं लागत नाही, मोबाईलवर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा निघतो. पोरीनं तो पहिल्यांदा नीट वाचला. बापाचं नाव, गट नंबर, पोटखराबा, आणि खाली इतर हक्कात सोसायटीचा बोजा. ती म्हणाली, "हा बोजा कधीचा?" मी म्हटलं, तुझ्या दहावीच्या वर्षीचा, ठिबकसाठी घेतलेला. तिनं प्रिंट दोन काढल्या. एक फॉर्मच्या फाईलला लावली, दुसरी तिच्या वहीत ठेवली.

उद्या सकाळी बोर्डो करायचाय, मोसंबीला नवी पालवी यायच्या आत. चुना ताजा आणलाय.

ज्यांच्या घरातून कोणी धुळ्याला १९६०-७० च्या काळात शिकलं असेल, त्यांनी त्यांच्या आठवणी खाली लिहा. भडगावच्या सरकारी शेताची जागा नक्की कुठे होती हे कोणा जुन्या माणसाला ठाऊक असेल तर फोन करा, मी मोटारसायकल घेऊन येतो.